मी दिलेला बाप्तिस्मा

सोमवार, ११ नोव्हेंबर

काल दुपारी मी एका म्हातारीला बाप्तिस्मा दिला. मी पाळक न्हाई, पाळकाचा पोरगा न्हाई, बारावी नापास हाये. करायला नको व्हतं. केलं.

वही कॅम्पवरची. पवना धरणाच्या पाण्याकडेला आमचे तंबू हायेत. पाहुण्यांच्या सह्या आता मोबाईलवर घेतात, म्हणून हे रजिस्टर कोरं पडून व्हतं. माझं काम तंबू ठोकायचं आणि शेकोटीपाशी आवाज काढायचं. एसटीचा कंडक्टर, स्टेशनवरची बाई, बायकोवर रागावलेला कोंबडा. पाहुणे लोळतात. पण माझा एक नंबरचा आवाज पाळकसाहेबांचा, ते लोणावळ्याच्या आमच्या चर्चमधले. आधी घसा खाकरायचा, मग "प्रियजनहो", मग एवढा मोठा थांबा की माणसाला वाटावं साहेब विसरले. तो थांबा मला बरोबर जमतो. पाहुण्यांना त्यात काही कळत न्हाई, म्हणून तो आवाज फक्त मित्रांपुढं.

चिमामावशी पवनानगरला राहते. लोणावळ्याच्या मिशनच्या वसतिगृहात तिनं चाळीस वर्षं पोरींना भाकऱ्या थापल्या. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. गाणी सगळी पाठ, पण बाप्तिस्मा घेतलेला न्हवता. नवरा, रखमाजीआबा, म्हणायचा मी हाय तवर न्हाई. मावशीनं त्याचा शब्द पाळला. बाप्तिस्मा न्हाई म्हणून प्रभुभोजनही न्हाई. भाकरीची थाळी समोरून जायची तेव्हा दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची, लहान पोरगी बसते तशी. आबा गेला चार वर्षांमागं. मग माझ्या आईनं तिला बाप्तिस्म्याच्या शिकवणीला बसवलं. मग आई आजारी पडली. मग आई गेली. मग मावशीच आजारी पडली. किडन्या गेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दिसतो तो धुक्यात खांब दिसावा तसा. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं.

पाळकसाहेब काल चारला तिच्याकडं येणार व्हते, बाप्तिस्मा द्यायला. शनिवारी ते बाथरूममध्ये घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. पप्पांनी मला फोन केला की मावशीच्या सुनेचा फोन लागत न्हाई, तू तिथंच हायेस तर जाऊन निरोप दे, साहेब तीन आठवडे येत न्हाईत.

निरोप द्यायचा, एवढंच काम व्हतं.

याह्या माझ्यासोबत व्हता. तो पवनानगर-कामशेत जीप मारतो. त्याला म्हटलं गंमत बघ. सून कामावर गेलती. दारात उभं राहून खाकरलो आणि म्हटलं, "प्रियजनहो." वाटलं मावशी ओळखेल, मुडद्या म्हणेल, मग निरोप सांगू.

मावशी उठून बसली. डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, "आलात साहेब. मी आंघूळ करून ठेवलीया."

खाटेपाशी तांब्या भरून ठेवला व्हता, त्यावर धुतलेलं फडकं. तेव्हाच सांगायला पायजे व्हतं. मी याह्याकडं बघितलं. याह्या हसायचा थांबला व्हता. मी मात्र थांबलो न्हाई. का ते मला म्हाईत न्हाई. तोंड सुरू झालं की ते आपलं आपलं चालतं.

विचारलं, पापाचा त्याग करता काय. व्हय म्हणाली. प्रभू येशू आपला तारणारा आहे असा विश्वास धरता काय. व्हय, लय दिवसांपासनं. आणि मग मी न विचारता म्हणाली, साहेब, एक सांगायचं राहिलंय, आबा गेला तवा मला बरं वाटलं. रडले, पर आतनं बरं वाटलं. ते धुवून निगल का?

मी साहेबांचा थांबा घेतला. या वेळेला तो मुद्दाम घेतला न्हवता. मग म्हटलं, निघेल.

तीनदा पाणी घातलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. पाणी तिच्या कानामागनं मानेवर उतरलं आणि ती थरथरली. मी फडक्यानं डोकं पुसलं आणि बाहेर आलो.

याह्या जीपमध्ये बसून व्हता. म्हणाला, आमच्यात निय्यत बघतात. तुझी चेष्टेची, म्हातारीची खरी. आता कुणाची धरायची?

मी म्हटलं, गाडी चालू कर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सुनेचं नाव रूपाली, मी वैनी म्हणतो. पलीकडच्या कॅम्पवर भाकऱ्या करते. आज हाताचं पीठ तसंच घेऊन माझ्या तंबूपाशी आली. म्हणाली, सासूबाई चार दिवस झाले गाणी म्हणतायत, भात मागून खातायत, शेजारच्या नंदाबाईला बोलवून सांगितलं की माझा बाप्तिस्मा झाला. म्हणून पाळकसाहेबांचे आभार मानायला फोन केला. तर साहेब म्हणाले, मी खाटेवर आहे, विक्कीच्या हाती निरोप पाठवला होता.

मी खुंटी ठोकत राहिलो.

वैनी म्हणाली, "तू व्हतास न्हवं?"

मी म्हटलं व्हय.

मला वाटलं कानफटात देईल. तिनं खुंटीकडं बघितलं आणि म्हणाली ती वाकडी चाललीया. मग म्हणाली, डॉक्टरनं पंधरा दिवस सांगितलेत, त्यातले सहा गेले. तूच केलंस, तूच बघ.

खुंटी खरंच वाकडी गेलती.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

साहेबांनी बोलवून घेतलं. पाय स्टुलावर, मांडीवर संडे स्कूलच्या पोरांच्या परीक्षेचे पेपर. ओरडले न्हाईत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं, ते माझ्या सवयीचं हाये.

विचारलं, कोणते शब्द म्हणालास, जसेच्या तसे सांग. मी म्हणायला लागलो आणि ते त्यांच्याच आवाजात निघाले. मला ते दुसऱ्या आवाजात येतच न्हाईत. आतनं साहेबांच्या बाईंनी विचारलं, "अहो, मला काही म्हणालात?" साहेब न्हाई म्हणाले.

मग विचारलं, माझा आवाज कधी उचललास?

म्हटलं, आईच्या मातीच्या दिवशी. तुम्ही लय वेळ बोलत व्हता. मला खड्ड्याकडं बघायचं न्हवतं म्हणून तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो. तेव्हाच बसला.

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. स्वच्छच व्हता.

मी विचारलं, मावशीचं तारण झालं का न्हाई ते एकदाचं सांगा. साहेब म्हणाले, "तारण मी देत नाही, विक्की. देणारा देऊन बसलाय, फुकट. पाण्यातही काही नसतं, नळाचंच असतं. बाप्तिस्मा म्हणजे माणसानं त्याला हो म्हणणं. जुना माणूस पाण्यात पुरायचा आणि नवा वर यायचा."

म्हटलं, मग मावशीनं हो म्हटलं की.

"म्हटलं. म्हणूनच मला घाई नाही. पण तिनं तुझ्या लबाडीवर डोकं ठेवून मरायचं, हे मला चालणार नाही. तू जाऊन सांग तिला. नंतर ती म्हणेल तसं करू. परत हवा असला तर मी हा पाय घेऊन येतो."

मी मान हलवली. साहेबांना एक म्हणणार व्हतो, म्हटलं न्हाई. जुना माणूस पुरला की नवा येतोच असं न्हाई. कधी कधी कुणीच वर येत न्हाई आणि माणूस तसाच तंबू ठोकत फिरतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बावीस तंबू. कंडक्टर केला, कोंबडा केला. एक बाई हसून हसून खुर्चीवरनं पडली. मला काही वाटलं न्हाई.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

गेलो न्हाई. रविवारी पण गेलो न्हाई. मावशीच्या घरावरनं दोनदा गेलो, ते जाणं धरता येणार न्हाई.

पप्पांना काही म्हाईत न्हाई. लोणावळ्यात वलवणच्या घरात आमी दोघंच. टीव्ही चालू ठेवतात, बघत न्हाईत. आज म्हणाले तू हल्ली घरी आवाज काढत न्हाईस. म्हटलं घसा बसलाय. त्यांनी गरम पाण्यात मीठ घालून दिलं. घसा बसला न्हवता, तरी गुळण्या केल्या.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सांगितलं.

वैनीनं बाहेर थांबायची खूण केली याह्याला, आणि स्वतः पण बाहेर गेली. मावशी कुशीवर व्हती, पाय सुजलेले, पावलं पावासारखी फुगलीत. माझा हात धरून बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि म्हणाली शालूबाईचा विक्की न्हवं तू. शालूबाई म्हंजे माझी आई. म्हणाली, माझ्या बाप्तिस्म्याला तुझी आई साक्षीला उभी राहणार व्हती, तिनं कबूल केलतं, पर तिला घाई झाली. मग म्हणाली, आता मी बी जायला मोकळी, मला लोणावळ्याला तिच्या शेजारी ठेवा, पाळकसाहेबांनी हो म्हणलंय.

साहेबांनी न्हवतं म्हटलं. तेही त्या दिवशी मीच म्हटलं व्हतं, बाहेर पडता पडता.

मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी साहेब आले न्हवते. मी व्हतो.

मला वाटलं झोपली. भिंतीवर पाल व्हती ती ट्यूबच्या मागं गेली, परत बाहेर आली.

मग तिनं विचारलं, "शब्द कंचं म्हणलास?"

"तेच. साहेब म्हणतात तेच."

"आन पाणी?"

"तुझ्याच तांब्यातलं."

"व्हय कोण म्हणलं?"

"तू म्हणालीस."

"मी तर खरंच म्हणले. मग लबाडी कुटं व्हती?"

मी म्हटलं, माझ्यात.

"मग ती तुझ्यातच हाये अजून," मावशी म्हणाली. "माझ्यावर न्हाई पडली. ती तू काढ."

सांगितलं की साहेब परत द्यायला तयार हायेत, जीपनं आणतो. तर म्हणाली न्हाई. ते एकदाच असतं, शिकवणीत सांगितलंय. माझं झालं. परत घेतलं तर आधीचं खोटं म्हणल्यासारखं व्हईल, आन मी खोटी न्हवते.

मग म्हणाली, पर मला कुणी दिलं ते मला ऐकायचंय. तुझ्या आवाजात म्हण एकदा.

मी तोंड उघडलं. "चिमाबाई" म्हटलं आणि ते साहेबांचं निघालं. परत म्हटलं, परत साहेब. तिसऱ्यांदा खाकरलो तर खाकरणं पण त्यांचंच. मावशी डोळे मिटून वाट बघत व्हती. अजून दोनदा केलं. शेवटी कंडक्टरचा पण आवाज निघाला, ते मी मुद्दाम न्हाई केलं.

ती हसली न्हाई, रागावली पण न्हाई. म्हणाली, जा, जमलं की ये. पर लवकर ये.

शनिवार, २३ नोव्हेंबर

याह्यानं साहेबांना जीपनं आणलं. मधल्या सीटवर आडवे, पाय खिडकीला, खड्डा आला की प्रभूचं नाव. याह्या म्हणतो एवढी प्रार्थना त्याच्या जीपमध्ये आजवर झाली न्हवती.

मावशीनं साहेबांना पण तेच सांगितलं, माझं झालंय. साहेबांनी तिला परत सगळे प्रश्न विचारले, विश्वासाचे, पापाचे. तिनं सगळ्यांना व्हय म्हटलं. आबाचं काही बोलली न्हाई, ते धुवून झालं व्हतं तिच्या मते. साहेबांनी पाय सावरून घेतला. मग म्हणाले ठीक आहे, पाणी मी परत घालणार नाही. पिशवीतनं डबी काढली आणि तिला प्रभुभोजन दिलं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट.

मावशीनं दोन्ही हात पुढं केले. तुकडा हातात पडल्यावर लगेच खाल्ला न्हाई. अंगठ्यानं चाचपत राहिली. मग म्हणाली, "लयच बारीक हाये की ओ साहेब. मी आपली येवडी वर्षं समजत व्हते मोठा असल."

साहेब हसले. वैनी पदर तोंडाला लावून मोरीकडं गेली. मी दाराला टेकून व्हतो. मला आत काही हललेलं जाणवलं न्हाई. फक्त पायाला मुंग्या आलत्या.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी वैनीचा फोन आला, शुद्ध जाते येते, यायचं असलं तर ये. आज याह्या कामशेतला व्हता. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गेलो.

मावशीचा श्वास घशात वाजत व्हता. मी खाटेपाशी जमिनीवर बसलो. काय करायचं ते ठरवलं न्हवतं. नुसतं म्हटलं, मावशी, मी विक्की.

ओठ हलले. वैनीनं कापूस ओला करून लावला.

मी म्हणायला सुरुवात केली. जोरात म्हटलं की साहेब येतात, म्हणून हळू म्हटलं, तिच्या कानाला तोंड लावून. "चिमाबाई, मी तुला" एवढ्यावर अडकलो. कारण मावशीला मी कधी चिमाबाई म्हटलेलं न्हाई. परत म्हटलं, "चिमामावशे, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो." आवाज कसा तरीच निघाला. बारीक, मधेच फाटलेला, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा. कुणाचाच न्हवता तो. पाणी घातलं न्हाई. ते झालं व्हतं.

वाटलं ऐकलं न्हाई. उठणार, तेवढ्यात तिनं माझी बाही धरली.

"आवाज आईवर गेलाय तुझा," म्हणाली. "शालूबाईच बोलल्यावानी वाटलं. मग रं कशाला दुसऱ्याचा काढत फिरतोस?"

त्यानंतर ती काही बोलली न्हाई.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. वैनीनं चहा आणला, तो घेतला. कप धुवून ठेवला. कोंबड्या हाकलल्या. मग चालत कॅम्पवर आलो, पाच किलोमीटर हाये, आणि त्या पाच किलोमीटरमधलं मला काहीच आठवत न्हाई.

बुधवार, २७ नोव्हेंबर

मावशी पहाटे गेली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

लोणावळ्याला माती दिली. रूपालीवैनीचा नवरा देहूरोडच्या डेपोत हाये, तो रजा काढून आला. आपल्या आईला पुरायचं का जाळायचं यावर पवनानगरला थोडं बोलणं झालं, पण नंदाबाईच मधे पडली, म्हणाली तिनं माझ्यापुढं सांगितलंय, तिच्या मनासारखं करा. गावातनं दोन जीप भरून माणसं आली. पुरण्याची जागा बघून बिचकली, पण आली, आणि सगळ्यांनी माती टाकली.

साहेब कुबड्यांवर उभे व्हते. खड्डा तयार, पेटी बाजूला, आणि तेवढ्यात चर्चच्या कमिटीतल्या एका अंकलनी साहेबांना बाजूला घेतलं. मी पेटीपाशीच व्हतो म्हणून ऐकू आलं. विचारत व्हते, या बाईंचा बाप्तिस्मा झाला कधी, दिला कुणी, तुमचा तर पाय मोडलेला. नियमानं फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनाच इथं जागा.

मी दोर हातात धरला व्हता. तो दोर हाताला कसा लागत व्हता तेवढंच आठवतं.

साहेब म्हणाले, "घरी झाला. दहा तारखेला. त्यांनी स्वतः माझ्यापुढं साक्ष दिली आणि मी प्रभुभोजन दिलं."

अंकल म्हणाले, पण दिला कुणी?

साहेबांनी त्यांचा तो थांबा घेतला. एवढा लांब थांबा मी आजवर ऐकला न्हवता. मग म्हणाले, "मंडळीतल्याच एका माणसानं. अडचणीच्या वेळी चालतं. पेटी उतरवा."

आमी पेटी उतरवली. तिसरी ओळ, आईच्या उजव्या बाजूला. आईच्या वेळेला बघितलं न्हवतं, या वेळेला खाली बघितलं. लाल माती, बाजूला एक मूळ तुटलेलं, ओलं. बघण्यासारखं एवढंच व्हतं. तरी मी लय वेळ बघत राहिलो. पप्पा शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या मानेवर हात ठेवला. हात गरम व्हता. मला तो गरम लागला, म्हणून लिहून ठेवतो.

माती झाल्यावर लोक हात धुवायला नळाकडं गेले. तिथं साहेब मला म्हणाले, चर्चच्या रजिस्टरमध्ये मी नाव, तारीख आणि गाव भरलंय. देणाऱ्याचं नाव भरायचंय. कमिटी मार्चमध्ये रजिस्टर तपासते. तोवर तू सांगशील ते लिहीन. खोटं मात्र लिहिणार नाही.

म्हंजे माझ्यासारख्याचं नाव. मित्रांपुढं पाळकाची नक्कल करणाऱ्याचं. ते वाचून अंकल काय म्हणतील ते मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

म्हणून जो कुणी ही वही उघडंल त्याला सांगतो. मार्चमध्ये मी स्वतः जाईन, पप्पांना घेऊन जाईन, कमिटीपुढं उभा राहीन, आणि जे झालं ते ज्या आवाजात निघंल त्या आवाजात सांगीन. पण तोवर माती बसू द्या. आत्ता कळलं तर लोक मावशीवर बोलतील, माझ्यावर न्हाई. म्हणतील हिचा बाप्तिस्मा म्हंजे गंमत व्हती, हिला काढा. तिनं चेष्टा केली न्हवती. चेष्टा मी केलती. तुमच्या पाया पडतो, चार महिने थांबा. पप्पांना सांगू नका, अंकलना सांगू नका, गावात तर न्हाईच न्हाई. ती कशीबशी आत आलीया. कुणाला सांगू नका.